पट्टीचा उपास

आमचं राज्य फुटून त्याची दोन झाली तेव्हा माझं संशोधन नेमकं मध्यावर होतं. राज्याबरोबर विद्यापीठही वाटलं गेलं. माणसांना निदान विचारलं तरी होतं, तुम्ही इकडचे की तिकडचे म्हणून. कपाटांना कोणी विचारलं नाही. त्यामुळे काही दिवस आमच्या विभागात कपाट इकडे आणि किल्ली तिकडे असा कारभार चालला. ओलावा मोजायचं यंत्र आमच्या, म्हणजे हैदराबादच्या, वाट्याला आलं आणि त्याची वायर समुद्राकडच्या राज्यात गेली. माझे मार्गदर्शक सरही समुद्राकडे गेले. जाताना म्हणाले, काळजी करू नकोस, मी फोनवर आहेच. त्यांच्या नव्या गावात रेंज नव्हती, हे त्यांना तिथे पोचल्यावर कळलं.

राहिलेल्या विद्यापीठाकडे पैसा थोडा होता आणि प्रयोग भरमसाट. मग एक समिती नेमली गेली. गावोगावच्या शेतांत चाललेले प्रयोग समितीने जाऊन पाहायचे, लोकांना त्यांचा काही उपयोग आहे का ते विचारायचं, आणि उपयोग दिसला नाही तर प्रयोग बंद करायचा. माझा प्रयोग बंद म्हणजे माझी पदवी बंद, कारण तोवरची सगळी वर्षं मी त्यातच घातली होती. ही बातमी मी घरी सांगितली तर आईचा चेहरा उजळला. तिच्याकडे एक स्थळ तयार होतं.

माझा विषय ज्वारी. आमच्या सीमेवरच्या काळ्या जमिनीत ज्वारीला खत किती द्यावं आणि कितीच्या पुढे दिलं तर ते नुसतं मातीत जातं, एवढंच मला शोधायचं होतं. ऐकायला काही थोर वाटत नाही, मलाही कधी वाटलं नाही. पण आमच्याकडे खत किती घालायचं हे दुकानदार ठरवतो, आणि दुकानदाराला कमी घाला असं म्हणताना मी अजून ऐकलेलं नाही.

विद्यापीठाकडे जमीन भाड्याने घ्यायला पैसे उरले नव्हते, म्हणून मी गावी मामांकडे गेले. मामांनी रस्त्यालगतचा तुकडा आनंदाने दिला. खुंट्या, सुतळ्या, पाट्या आपल्या शेतात येणार आणि येणारे-जाणारे त्या पाहणार, ह्याचंच त्यांना अप्रूप होतं. त्यांची एक अडचणही त्यातून सुटणार होती. बाजाराच्या दिवशी इचोड्याच्या हॉटेलात चहा पिताना लोक त्यांना विचारत, भाची काय करते? मामा सांगत, विद्यापीठात ज्वारीवर संशोधन करते. त्यावर समोरचा म्हणे, ज्वारी तर आपल्याला सापडलेलीच आहे, आता तिच्यात शोधायचं काय उरलं? मामा चहा अर्धा टाकून उठत आणि घरी येऊन माझ्यावर राग काढत.

"सरकार तुले कायले पोसून राह्यलं, ते एक डाव नीट सांग," ते म्हणत. "मले हॉटेलात सांगा लागते."

मी नीट सांगायला बसले की मामा शेंगा फोडायला घेत. माझं सांगणं संपायच्या आधी शेंगा संपत आणि ते उठून जात.

शेतात मी सहा पट्ट्या आखल्या. एकीला विद्यापीठाने सांगितलेलं खत, एकीला त्याच्या निम्मं, एकीला नुसतं शेणखत, एकीला थोडं हे थोडं ते, पाचवीला गाव घालतं तेवढं, म्हणजे दुकानदार सांगेल तेवढं, विद्यापीठाच्या दुप्पट. सहावीला काहीच नाही. अशी एक पट्टी ठेवावीच लागते, तिच्याशी ताडून पाहिल्याशिवाय बाकीच्यांना खताने काय दिलं ते कळणार कसं? हे मी मामांना समजावलं, मामीला समजावलं, बांधावर जमलेल्या अख्ख्या गावाला समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या गावात मान डोलावली म्हणजे ऐकू आलं, एवढाच त्याचा अर्थ असतो.

मामी मात्र मानही न डोलावता सहाव्या पट्टीकडे बघत राहिली होती.

"पाच जनाले वाढतं अन् सहाव्याले पाह्यत बसवतं," ती म्हणाली. "पंगतीत असं कोनी करते का वं?"

इथे आमच्या गावाबद्दल एक सांगायला हवं. आमच्याकडे भांडणं होतात, बांध कोरले जातात, एकमेकांच्या विहिरीवरून कोर्टकचेऱ्या होतात, आणि पुढे सगळं मिटतंही. पंक्तिप्रपंच मात्र मिटत नाही. पंगतीत एकाच्या पानावर वाढलं आणि शेजारच्याच्या नाही, तर संपलं. एका लग्नात वाढप्याच्या हातून एका पाहुण्याच्या पानावर बुंदी वाढायची राहिली होती. त्या घरची माणसं अजून त्या आळीतून जाताना तोंड फिरवतात. कशासाठी फिरवायचं हे त्यांतल्या धाकट्यांना आता आठवतही नाही, पण फिरवतात.

अशा गावात मी भर रस्त्यालगत सहा पानं मांडून पाचांना वाढलं होतं. संध्याकाळपर्यंत सहावीचं नाव उपाशी पट्टी पडलं.

त्यानंतर मी हैदराबादला गेले आणि अधूनमधून येत राहिले. दर खेपेला उपाशी पट्टीत काहीतरी चमत्कारिक दिसे. आधी ती पिवळी पडेनाशी झाली. मग तिने शेणखताच्या पट्टीला गाठलं. ज्वारी पोटरीत आली, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या बेतात होतं, तेव्हा ती सहांत सगळ्यांत उंच होती आणि तिची पानं काळपट हिरवी दिसत होती. मी आधी घाबरले, मग माझ्या डोक्यात हवा गेली. हवेतला नत्र ओढून ज्वारीला भरवणारा एखादा जिवाणू आमच्याच मातीत असला पाहिजे, असं मी ठरवून टाकलं. त्या जिवाणूला गावाचं नाव द्यायचं की मामांचं, हाही विचार मी बसमध्ये बसल्या बसल्या केला. सरांना फोन केला तर रेंजसाठी ते पाण्याच्या टाकीवर चढले होते. सगळं ऐकून ते इतका वेळ गप्प राहिले की मला वाटलं, पडले. मग म्हणाले, माती आण.

मी माती आणली. शेंगदाण्याच्या पिशव्या भरून माती हैदराबादला नेली आणि कंडक्टरने प्रत्येक पिशवीचं वेगळं तिकीट फाडलं. संशोधन आहे म्हणून सांगितलं तर तो म्हणाला, असेल, पण वजन मातीचंच आहे.

मामांना तर इचोड्यात बोलायला विषयच मिळाला. आपल्या शेतात काहीतरी नवीन निघालं आहे, काहीही न घालता ज्वारी वाढते, विद्यापीठ माती नेऊन तपासतं आहे, असं ते चहाचा कप हातात धरून सांगत. लोक आता त्यांनाच चहा पाजू लागले.

मग एके दिवशी पहाटे मी पानं मोजायला शेतात गेले. झुंजूमुंजू झालं होतं. मी ज्वारीच्या आत वाकून बसले होते, म्हणून कोणाला दिसले नाही. आधी मामी आली, डोक्यावर शेणखताची टोपली. इकडेतिकडे बघून तिने ती उपाशी पट्टीच्या बुडाशी रिकामी केली आणि दोन्ही हातांनी नीट पसरली. ती जाते न जाते तोच शेजारची काकू लेंड्यांचा डबा घेऊन आली. मग गोमूत्राची बादली आली. मग किराणा दुकानाची मालकीण आली, तिने डाळ धुतलेलं पाणी आणलं होतं. शेवटी मामा आले. सदऱ्याच्या खिशातून मूठभर युरिया काढून त्यांनी तो देवावर अक्षता टाकाव्या तसा टाकला, वळले, आणि मी समोर उभी.

मामा म्हणाले, आभाळ कसं आहे ते पाहायला आलो होतो.

त्या दिवशी मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मला चार भाषा येतात, चारही कमी पडल्या. सगळं गाव बांधावर गोळा झालं आणि एकेक जण कबूल होऊ लागला. त्यातून एक वेगळंच कळलं. आपल्याशिवाय दुसरं कोणी घालत असेल हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं. आपली टोपली ती केवढीशी, तिने एवढी ज्वारी थोडीच वाढणार, असा ज्याने त्याने हिशोब केला होता. म्हणजे मातीत खरंच काहीतरी आहे! स्वतःच्या हाताने युरिया टाकून घरी येणारे मामा इचोड्यात चमत्काराच्या गोष्टी सांगत होते, त्या अगदी मनापासून.

मामीला मात्र पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. ती कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती.

"रोज याच रस्त्यानं जानं-येनं हाय आमचं," ती म्हणाली. "पाच हिरव्या अन् एक पिवळी. माझ्या घशाखाली घास उतरत नवता. काय करू मंग?"

समिती त्याच आठवड्यात येणार होती. गाव हादरलं. निजामाच्या काळापासून आमच्याकडे वरून कोणी काही पाहायला आलं की त्याला मुआयना म्हणतात, आणि मुआयना म्हटलं की म्हातारी माणसं अजून सदऱ्याची बटणं लावतात. पोरीचं नुकसान आपल्यामुळे होतंय हे एव्हाना सगळ्यांना उमगलं होतं, आणि मग जो तो उपाय सुचवायला लागला. कोणी म्हणालं, पट्टीवर शेळ्या सोडा. कोणी म्हणालं, पाटी उपटून पहिल्या पट्टीत रोवा, साहेबाला काय कळतंय. एकाने घातलेलं खत परत काढून घेता येतं का असं विचारलं, आणि खोरं आणायला निघालासुद्धा. शेळ्यांचा उपाय मला क्षणभर पटला होता, कारण त्या पट्टीचा मला फार राग आला होता. पण खोटं दाखवून मिळवलेल्या पदवीचं मी काय करणार होते? मी सांगितलं, आहे तसं दाखवायचं.

समितीचे साहेब तेलुगू बोलणारे, वयाने मोठे, शांत गृहस्थ होते. जीपमधून उतरल्या उतरल्या त्यांनी मला, तेलुगूत लेकीलाही म्हणतात तशी, अम्मा अशी हाक मारली. एवढा म्हातारा माणूस हिला आई का म्हणतो, हे मामीला काही केल्या समजेना. साहेबांनी सहाव्या पट्टीची पाटी वाचली, ज्वारीकडे मान वर करून पाहिलं, पुन्हा पाटी वाचली. मग माझ्याकडे वळले. मी टोपलीपासून युरियापर्यंत सगळं सांगितलं. ऐकताना त्यांच्या मिशा हलत होत्या, पण ते हसले नाहीत. हा हंगाम वाया गेला, असं ते म्हणाले, आणि ते खरंच होतं.

मग बांधावर बसून त्यांनी हिंदीत गावाला विचारलं, हा प्रयोग लोकांच्या पैशावर चालतो, म्हणजे तुमच्याच. उद्या तो बंद केला तर तुमचं काय जाईल?

जो तो दुसऱ्याला पुढे ढकलू लागला. मी सुतळीच्या खुंटीकडे बघत उभी होते. सगळी वर्षं गेली, आता रडायचं ते साहेबांची जीप गेल्यावर, एवढंच माझ्या मनात होतं. तेवढ्यात मामा पुढे झाले. हिंदी बोलताना त्यांचा आवाज आपोआप चढतो.

"साब, दुकानवाला बोलता दो बोरी डालो, तो हम दो डालते," ते म्हणाले. "नहीं डाले तो क्या होता, ये आज तक हमकू कोई नहीं बताया. ये लडकी बताने बैठी थी. हमनेच उसकू बताने नहीं दिया."

मामांनी आयुष्यात एवढं नेमकं कधी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मला एकदम रडू आलं, जीप जायच्या आधीच.

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं, पुढच्या वर्षी ही पट्टी खरोखर उपाशी ठेवाल का? आणि इथे आमच्या गावाने प्रामाणिकपणाची हद्द केली. एकानेही हो म्हटलं नाही. सगळ्यांनी खाली पाहिलं. एक म्हातारा म्हणाला, कबूल करू हो, पण डोळ्यांना दिसतं त्याचं काय करायचं? साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, तशी मामी माझ्या कानाशी आली.

"साह्यबाले इचार," ती म्हणाली, "तिचा उपास हाय असं म्हनलं तं चालते का?"

मला कळेना. मामीने समजावलं, मी गावाला समजावते त्यापेक्षा कितीतरी सोपं. उपाशी माणसाला वाढलं नाही तर पाप लागतं. पण उपास असलेल्याला खाऊ घातलं, तर तेही पापच. एकादशी धरलेल्या माणसाला कोणी भाकरीचा आग्रह करतं का? त्याच्यासमोर उलट आपणच जरा जपून वागतो. तू पहिल्या दिवशीच सांगायचं होतं की पट्टीचा उपास आहे, आम्ही हात लावला असता का?

हे मी हिंदीत साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, आमच्या घरी शनिवारी बायकोचा उपास असतो, तिच्यापुढे मी ताटसुद्धा वाजू देत नाही. मग गावाकडे बघून त्यांनी विचारलं, जमेल? आता सगळ्या माना डोलावल्या गेल्या, आणि ह्या खेपेला त्या ऐकू आल्याच्या नव्हत्या. मागून एकाने शंका काढली की उपासाला शेंगदाणे चालतात, तर पट्टीला शेंगदाण्याची पेंड चालेल का? साहेब गंभीरपणे म्हणाले, नाही, कडक उपास. पावसाचं पाणी तेवढं चालेल. त्यांनी आणखी एक हंगाम दिला आणि तेव्हाही उपयोग दिसला नाही तर मुदत वाढणार नाही असंही बजावलं.

पुढच्या वर्षी पेरणीला नारळ फुटला. सहाव्या पट्टीच्या पाटीला मामीने कुंकू लावलं, आणि गावाने तो उपास असा पाळला की कुठल्या बाईने स्वतःचा पाळला नसेल. एरवी आमच्याकडे मेंढरांचा कळप आला की लोक खतासाठी हातापाया पडून तो आपल्या शेतात बसवतात. त्या वर्षी मामांनी कळपाला लांबच्या वाटेने पिटाळलं, जाता जाता लेंड्या पडल्या तर पट्टीचा उपास मोडायचा म्हणून. शेतात भाकरी खायला बसताना ते पट्टीकडे पाठ करून बसत. दसऱ्याला जिल्ह्याचे चार तुकडे झाले आणि बासर दुसऱ्या जिल्ह्यात गेलं, तेव्हा मामांना नवीनच चिंता लागली. माझ्याकडून पहिली पाटी त्यांनी बासरच्या सरस्वतीपुढे गिरवून घेतली होती. आता देवीच परजिल्ह्यात गेली, मग पदवी इकडे चालेल ना? मी म्हटलं, चालेल. त्यांनी उटनूरच्या ऑफिसातल्या एका ओळखीच्या कारकुनालाही विचारून खात्री करून घेतली.

उपासाची पट्टी कंबरेएवढी वाढून थांबली. खालची पानं वाळली, कणसं निसवली ती बोटभर. मामीने शेतात जायचा रस्ता बदलला, फेरा पडला तरी ती पांदीने जाई.

कापणीच्या दिवशी प्रत्येक पट्टी वेगळी कापली, वेगळी मळली आणि गावासमोर वजन केली. गाव ज्या पट्टीला स्वतःची म्हणत होतं, दुकानदार सांगतो त्या दुप्पट खताची, तिचा ढीग निम्म्या खताच्या ढिगापेक्षा काही मोठा भरला नाही. मामांनी मला पुन्हा वजन करायला लावलं. मग त्यांनी स्वतः केलं. दुकानदार घाईचं काम आठवून निघून गेला. मामा लगेच चप्पल घालून इचोड्याला निघाले. बाजाराचा दिवस नव्हता. मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, आकडे घेऊन या, प्रबंध लिहायला लागा, प्रयोग चालू राहील. आईच्या स्थळाला काय सांगायचं, एवढाच प्रश्न आता उरला होता.

फोन ठेवून मी खळ्यावर आले तर मामी सहाव्या ढिगाशी बसली होती. ढीग कसला, दोन सुपं भरतील एवढे दाणे, तेही बारीक. तिने त्यातले मूठभर उचलले आणि हातावर पसरले.

"एवढीशीच?" ती म्हणाली. पदराने डोळे पुसले. "आपल्यासाठी उपासी राह्यली वं ही एवढं."

मग तिने विचारलं, आता सोडू का तिचा उपास? मी वर पाहिलं. बांधावर बायका रांगेने उभ्या होत्या, प्रत्येकीच्या डोक्यावर शेणखताची टोपली. पुढच्या वर्षीच्या प्रयोगासाठी त्या जमिनीला तशीच ठेवायला हवी होती. हे मला पक्कं ठाऊक होतं, साहेब काय म्हणतील तेही ठाऊक होतं.

मी सोड म्हटलं, आणि मामीच्या शेजारची टोपली तिच्या डोक्यावर चढवायला हात लावला.